चमचे वाजवताय? या चुका टाळा

दोन चमचे घेतले, मांडीवर आपटले की झालं, असं वाटतं खरं. पण पहिल्या दिवशी ऐकू येते ती नुसती भांड्यांची आदळआपट. आयर्लंडच्या लोकसंगीतात किंवा कॅनडातल्या क्वेबेकमध्ये चमचे वाजवणाऱ्यांचा जो टणटणीत, सुटा ठेका ऐकू येतो, तो हातातल्या ताकदीवर येत नाही. तो येतो दोन चमच्यांमधल्या फटीतून.

सगळ्यात जास्त लोक चुकतात ते पकडीत. चमचे पाठीला पाठ लावून धरायचे, म्हणजे फुगीर बाजू समोरासमोर. दोन्ही दांड्यांच्या मध्ये तर्जनी. वरची दांडी अंगठ्याने दाबायची, खालची उरलेल्या बोटांनी तळव्याशी धरायची. दांड्यांची टोकं घट्ट, पण पुढे, फुगीर भागांमध्ये, साधारण एक सेंटिमीटर जागा मोकळी. ही जागा तर्जनी राखते. मारल्यावर चमचे भेटले पाहिजेत आणि लगेच आपोआप सुटले पाहिजेत.

आता आवाज ऐकून दुखणं ओळखा. ‘ठप्प’ असा दबका आवाज आला तर फट बंद झालीय, तर्जनीने ती पुन्हा थोडी उघडा. खुळखुळ्यासारखा आवाज आला तर मागची टोकं सैल आहेत. दर चार-पाच ठोक्यांनी चमचे एकमेकांवरून घसरत असतील तर दांड्या तिरप्या बसल्यात. पुन्हा पुन्हा घसरत असतील तर दांड्यांची टोकं चिकटपट्टीने बांधून सराव करा. यात लाज कसली? क्वेबेकमध्ये तर एकाच लाकडातून कोरलेले जोडचमचे मिळतात.

दुसरी चूक, जोर. पहिल्या आठवड्यात माझी मांडी काळीनिळी झाली होती. नंतर कळलं, मनगट ताठ ठेवून मी अख्खा हात हाणत होतो. मांडीच्या वर वीतभर अंतरावर दुसरा तळवा पालथा धरा आणि चमचे त्या दोघांमध्ये मनगटातून खेळवा: खाली मांडी, वर तळवा. जिग ही आयरिश नाचाची चाल सहा मात्रांची, पहिल्या आणि चौथ्या मात्रेवर वजन. त्यामुळे ‘मांडी-तळवा-मांडी’ असे तीन-तीनचे दोन गट पडतात आणि गट बदलताना मांडीवर लागोपाठ दोन ठोके येतात. नवशिक्यांची लय नेमकी तिथेच सांडते. हळू लयीत तोंडाने मोजत ते दोन ठोके घोटा.

‘तर्रर्र’, म्हणजे एका ओढीत लागोपाठ येणारे ठोके, काढायची घाई करू नका. त्यासाठी दुसऱ्या हाताची बोटं फाकवून त्यांवरून चमचे खाली ओढत मांडीवर आणायचे असतात. बोटं ढिली असतील तर एकच ठोका येतो. ती ताठ हवीत, एकेक बोट वेगळं वाजलं पाहिजे.

पातळ, वाकणारे चमचे टाळा. जाड स्टीलचे घ्या, दोन्ही एकाच मापाचे. रशियन लाकडी चमच्यांना मात्र ही पकड लावू नका. तिथे बहुतेकदा तीन चमचे असतात, दोन एका हातात आणि त्यांच्यावर वाजवायला तिसरा.