जुन्या ट्रकच्या मीटरमध्ये एलईडी बसवा, पण चार्जिंगचा बल्ब तसाच राहू द्या

टाटा १६१३ सारख्या जुन्या ट्रकचं डॅशबोर्डवरचं मीटर रात्री धड वाचता येत नाही, ही तक्रार खरी आहे. फिलामेंटचे बल्ब हादऱ्यांनी उडतात, त्यांच्या उष्णतेने आतलं प्लास्टिक पिवळं पडतं आणि ब्रेकच्या हवेच्या प्रेशरचा काटा नेमका घाटात दिसेनासा होतो. एलईडी हा त्यावर चांगला उपाय आहे. पण “सगळे बल्ब काढा, सगळीकडे एलईडी टाका” हा जो सल्ला सर्रास मिळतो, त्यापायी गाड्या रस्त्यात उभ्या राहतात. मीटरमधला एक बल्ब नुसता उजेडासाठी बसवलेला नसतो.

खरेदी

आधी बॅटरीचा बॉक्स उघडा. १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतील आणि एकीचा प्लस दुसरीच्या मायनसला जोडलेला असेल, तर गाडी २४ व्होल्टची. अशी गाडी चालू असताना वायरिंगमध्ये २८.५ व्होल्टपर्यंत येतात, म्हणून ३० व्होल्टपर्यंत चालणाराच एलईडी घ्या. १२ व्होल्टचा स्वस्तात मिळतो म्हणून एकाच बॅटरीवरून वायर ओढायची, हा प्रकार करू नका. एक बॅटरी जास्त उतरते, दुसरी जास्त चार्ज होते आणि शेवटी दोन्ही जातात.

मीटरमधले बल्ब दोन तऱ्हेचे असतात: चपट्या काचेच्या बुडाचे आणि पितळी बुडाला दोन पिना असलेले. त्यांतही जाड-बारीक आहेत. जुना बल्ब खिशात घालून दुकानात जा आणि शेजारी धरून बघा.

रंगाबद्दल माझं मत पक्कं आहे. मीटरच्या उजेडासाठी पिवळसर पांढरा आणि मंद. झगमगीत निळा-पांढरा एलईडी दुकानात छान दिसतो, पण रात्रभर गाडी चालवणाऱ्याच्या डोळ्यांना तो त्रास देतो आणि पुढच्या काचेत त्याचं प्रतिबिंब पडतं. धोक्याच्या लाल दिव्यांमागे लालच एलईडी घाला. स्वस्त पांढऱ्या एलईडीत लाल रंग फार कमी असतो, त्यामुळे लाल काचेमागे तो फिकट गुलाबी दिसतो आणि दिवसा तर दिसतही नाही. अप्परच्या (हेडलाइटच्या लांब झोताच्या) निळ्या दिव्यामागे पांढरा चालतो, फक्त मंद घ्या.

मीटर काढणं

बॅटरीची मायनस केबल काढा, स्पीडोमीटरच्या केबलचा नट हाताने सोडवा, मागच्या जोडण्यांचा मोबाइलवर फोटो घ्या आणि मीटर पुढे ओढा. हवेच्या मीटरला थेट नळी येत असेल, तर टाकीतली हवा सोडल्याशिवाय ती नळी सैल करू नका.

बसवणं

एलईडी एकाच दिशेने पेटतो. पेटला नाही तर होल्डरमधून काढून उलटा घाला. पिनवाला असेल, तर दोन्हीकडून चालणाराच मागून घ्या, कारण तो फिरवता येत नाही. मागे तांब्याच्या पट्ट्यांची पातळ फिल्म असेल, तर होल्डर हलक्या हाताने फिरवा. पट्टी एकदा उचलली गेली की दिवा लुकलुकत राहतो. मीटर जागेवर बसवण्याआधी बॅटरी जोडून एकेक दिवा लावून बघा.

चार्जिंगचा लाल दिवा

आता खरं काम. चावी टाकली की बॅटरीच्या चित्राचा लाल दिवा लागतो आणि इंजिन सुरू झालं की विझतो. लोक त्याला नुसता इशारा समजतात. जुन्या गाड्यांच्या बहुतेक अल्टरनेटरमध्ये (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारं यंत्र) याच बल्बमधून करंट पुढे डी-प्लस टर्मिनलवर जातो (काहींवर एल लिहिलेलं असतं) आणि तिथून रोटरच्या, म्हणजे आतल्या फिरत्या भागाच्या, वाइंडिंगमध्ये. सुरुवातीचं चुंबकत्व त्या करंटनेच तयार होतं. अल्टरनेटर एकदा वीज बनवू लागला की दिव्याच्या दोन्ही टोकांना सारखेच व्होल्ट येतात, म्हणून दिवा विझतो. २४ व्होल्टचा ३ वॅटचा बल्ब सव्वाशे मिलिअँपिअर करंट जाऊ देतो. एलईडीतून जेमतेम पंधरा-वीस जातो, आणि तेवढ्यावर बरेच अल्टरनेटर चार्जिंग सुरूच करत नाहीत.

फसगत होते ती गॅरेजमध्ये. जोरात रेस दिली की लोखंडात उरलेल्या चुंबकत्वावर अल्टरनेटर कधीकधी आपोआप उचलतो आणि इंजिन बंद करेपर्यंत चार्ज करत राहतो. सगळ्यांना वाटतं, झालं काम. दुसऱ्या दिवशी गाडी मार्केटच्या गर्दीत कमी रेसवर रांगते आणि चार्जिंग शून्य. त्यात हा एलईडी उलटा बसला असेल तर परिस्थिती सगळ्यात वाईट: करंट अजिबात जात नाही आणि दिवाही कधी लागत नाही, म्हणजे बिघाड झालाय हेच कळत नाही. यांत्रिक पंपाचं डिझेल इंजिन विजेवाचून आरामात चालत राहतं. हेडलाइट पिवळे पडतात तेव्हा संशय येतो, आणि चहाला थांबून परत निघताना सेल्फ नुसता टक-टक करतो.

कसाऱ्यात कांद्याने भरलेली गाडी याच कारणाने रात्रभर अडकलेली मी पाहिली आहे. अल्टरनेटर खोलला, कट-आऊट (चार्जिंगचे व्होल्ट आवरणारा रेग्युलेटर) बदलला, नवी बॅटरी घालायचं ठरत होतं. मीटरमधल्या लाल एलईडीच्या जागी साधा बल्ब घातला आणि चार्जिंग सुरू झालं.

म्हणून माझा सल्ला एकच: त्या जागी कंपनीने दिला त्याच वॅटचा फिलामेंटचा बल्ब ठेवा. जुना काळवंडला असेल तर नवा घाला. एलईडीच हवा असा हट्ट असेल, तर त्याला समांतर रेझिस्टन्स जोडावा लागतो: ३ वॅटच्या बल्बच्या बदल्यात २४ व्होल्टला साधारण २२० ओहम, १२ व्होल्टला ४७ ओहम, आणि तोही १० वॅटचा वायरवाउंड. पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला सहज मिळतो. पण चावी चालू आणि इंजिन बंद असताना तो चांगला तापतो. मीटरच्या प्लास्टिकला किंवा वायरीच्या जुडग्याला टेकवून ठेवलात तर ते वितळेल. फिल्मच्या पट्टीवर तर तो डागताही येत नाही. एका लहानशा दिव्यासाठी एवढा खटाटोप करण्यात मला अर्थ दिसत नाही.

इंडिकेटरचा हिरवा दिवा

काही जुन्या मीटरमध्ये डाव्या-उजव्या इंडिकेटरला मिळून एकच दिवा असतो. त्याचं एक टोक डाव्या वायरीला आणि दुसरं उजव्या वायरीला जोडलेलं असतं. मायनस (अर्थिंग) त्याला दुसऱ्या बाजूच्या इंडिकेटरच्या बल्बमधून मिळतो. त्यामुळे डावा दिला की करंट एका दिशेने वाहतो, उजवा दिला की उलट. एकदिशा एलईडी तिथे एकाच बाजूला लुकलुकेल आणि तुम्ही उगाच फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारा रिले) बदलत बसाल. बल्ब ठेवा किंवा दोन्हीकडून चालणारा एलईडी घाला.

शेवटची तपासणी

मल्टिमीटर बॅटरीवरच लावा. इंजिन बंद असताना २४ व्होल्टच्या गाडीत २५च्या आसपास आकडा दिसतो. चावी टाका, लाल दिवा लागलाच पाहिजे. इंजिन सुरू करा, रेस देऊ नका, थोडा वेळ थांबा. आयडलला आकडा २७ ते २८.५ आला (१२ व्होल्टच्या गाडीत १३.८ ते १४.४) आणि दिवा विझला, तर मीटरचे स्क्रू आवळा. रेस दिल्याशिवाय आकडा वर चढत नसेल, तर गाडी बाहेर काढू नका. पुन्हा त्या लाल दिव्याच्या होल्डरपासून सुरुवात करा.