धनुष्यासाठी ऑसेज ऑरेंजचा ओंडका कसा फोडावा

अमेरिकेतल्या ओक्लाहोमा, टेक्सस, आर्कान्सा भागातले ऑसेज ऑरेंज हे काटेरी झाड तुती-फणसाच्या कुळातले. तिथले ऑसेज लोक त्याच्या पिवळ्याधमक लाकडाची धनुष्ये करत. पुढे काटेरी तार येण्याआधी शेतकऱ्यांनी ते कुंपणाला लावले, म्हणून कान्सस-ओहायोतही शेताच्या कडेला सापडते.

मालकाला विचारून 20 ते 30 सेंमी जाडीचे, निदान साडेसहा फूट सरळ आणि बिनगाठीचे खोड शोधा. सालीच्या रेघा खोडाला वळसा घालत असतील तर आतले लाकूडही पिळलेले असते. असे झाड सोडून द्या. तोड हिवाळ्यात करा आणि कापल्याबरोबर दोन्ही टोकांना लाकडाचा गोंद जाडसर फासा. टोकांतून ओल भराभर उडते आणि भेगा आत शिरतात, म्हणून हे काम उद्यावर टाकू नका.

आता फोडणे. करवतीने उभे चिरायचा मोह होतो, पण करवत तंतू मध्येच कापते आणि धनुष्य ताणल्यावर नेमके तिथेच तुटते. पाचर मात्र तंतूंच्या वाटेनेच जाते. ओंडका घरंगळणार नाही असा टेकवा. टोकावर मध्यातून जाणारी रेघ आखा, तिच्यावर लोखंडी पाचर ठेवून घणाने ठोका. चीर पुढे सरकली की तिच्यात दुसरी पाचर बसवा. पहिली सैल होते, तीच काढून आणखी पुढे लावा. मध्ये अडकलेले तंतू कुऱ्हाडीने तोडा. घाव घालण्यापेक्षा लाकडाचा आवाज ऐकण्यात जास्त वेळ गेला तरी चालेल: कडकड थांबेपर्यंत पुढचा घाव नको. मग प्रत्येक अर्ध्याचे पुन्हा दोन भाग करा. दोन्ही बाजूंना सारखे लाकूड ठेवा. एक बाजू पातळ राहिली तर चीर तिकडे पळते. चष्मा हवाच. पाचरीचे डोके ठोकून पसरले असेल तर आधी घासून घ्या, त्याचे तुकडे उडतात.

प्रत्येक फाळीची साल आणि खालचे फिकट लाकूड दोन मुठींच्या सुरीने ओढून काढा. पिवळ्या गाभ्याचे एकच वार्षिक वलय टोकापासून टोकापर्यंत अखंड उघडे पडले पाहिजे. धनुष्याची बाहेरची, ताण सोसणारी बाजू तीच. तिच्यावर लगेच लाख पॉलिशचे दोन-तीन हात द्या. फाळ्या सावलीत, जमिनीपासून उंच, वारा खेळेल अशा रचा आणि वर्षभर तरी वाळू द्या. ओल 8 ते 10 टक्क्यांवर आली की घडवायला घ्या.