अटलांटातला पहिला उन्हाळा आणि पीच

मे उजाडला की इथे नव्याने आलेल्या मराठी घरांत एकच चौकशी सुरू होते: हापूस कुठे मिळेल? देसी दुकानात विमानाने आलेली पेटी मिळते. महाग असते, तरी एक जरूर घ्या, त्याशिवाय उन्हाळा आल्यासारखा वाटत नाही. पण त्याच दिवसांत घरापासून दोनएक तासांवर जॉर्जिया राज्याचं स्वतःचं फळ, पीच, झाडावर पिकत असतं, आणि आपल्यातली बरीच मंडळी ते चार-पाच वर्षं चाखतही नाहीत. किंवा एकदा चुकीचं चाखतात आणि ‘पीचला काही चवच नसते’ म्हणून कायमचं सोडून देतात. माझंही तसंच होणार होतं.

पहिल्या वर्षी मी एका मोठ्या दुकानातून लालबुंद, टणक असे आठ पीच आणले. चार तांदळाच्या डब्यात पुरले, कारण आई आंबे तसेच पिकवायची. उरलेले चार सरळ फ्रिजमध्ये. आठवड्याने डबा उघडला तर दोघांवर करड्या बुरशीची लव आणि तांदळाला आंबूस वास. फ्रिजमधला एक कापला, तर आत बीभोवती तपकिरी गर, रस नाहीच, खाताना ओला कापूस चावल्यासारखा. आठही टाकून दिले.

चूक अशी की मी पीचला आंबा समजले. आपला आंबा झाडावरून तयार पण कच्चा उतरवतात. त्यात पिष्ट भरलेलं असतं, आढीत त्याची साखर होते आणि फळ गोड होतं. पीचमध्ये असा साठा जवळजवळ नसतो. त्याची साखर पानांकडून येते आणि फळ तोडलं की ती वाट बंद होते. तोडलेला पीच घरी मऊ होतो, त्याचा आंबटपणा थोडा उतरतो, वास खुलतो, पण गोडी झाडावर असताना आली तेवढीच. म्हणून पीचच्या बाबतीत सगळं कौशल्य निवडण्यात आहे. घ्यायचा तो पाडाला आलेलाच घ्यायचा.

तो ओळखायचा कसा, हे मला फोर्ट व्हॅलीजवळच्या एका रस्त्याकडेच्या टपरीवर कळलं. मी लाल लाल फळं वेचत होते. टोपलीमागच्या आजींनी माझ्या हातातला पीच घेतला, उलटा केला आणि देठाच्या खोबणीभोवतीचा भाग दाखवला. तिथे हिरवट झाक होती. मग दुसरा उचलला: लाली बेताची, पण देठाजवळचा रंग लोण्यासारखा पिवळा. लाली ही जातीवर आणि उन्हावर असते, पिकण्यावर नाही. बघायचा तो मागचा रंग. हिरवट असेल तर फळ लवकर तोडलंय, ते कधीच गोड होणार नाही. पांढऱ्या गराच्या पीचमध्ये तोच रंग सायीसारखा दिसतो. मग देठाशी नाक न्या, हापूसचं नेतो तसंच. वास आला तर घ्या. देठाजवळ बारीक सुरकुत्या असल्या तर घाबरू नका, असं फळ बहुतेक वेळा फार गोड निघतं. एक मात्र कळकळीने सांगते, अंगठ्याने दाबू नका. दाबलेल्या जागी संध्याकाळपर्यंत तपकिरी डाग पडतो आणि तो पुढच्या गिऱ्हाइकाच्या वाट्याला येतो. पूर्ण तळव्यात धरलं की किती मऊ आहे ते कळतं.

हंगाम साधारण मेच्या मध्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत चालतो. पहिले येतात ते ‘क्लिंगस्टोन’, गर बीला घट्ट चिकटलेला. चवीला छान, पण फोडी करायला गेलात तर चिडचिड होते. ते हातात धरून खायचे. जूनच्या मध्यानंतर ‘फ्रीस्टोन’ सुरू होतात. त्यांच्या शिवणीवरून सुरी फिरवून दोन्ही अर्ध उलट दिशेने पिळले की बी मोकळी सुटते. जास्त घ्यायचे असतील तर तेव्हाच घ्या.

जायचं कुठे? आय-७५ने मेकनच्या खाली बायरन आणि फोर्ट व्हॅली. फोर्ट व्हॅली ज्या परगण्यात आहे त्याचं नावच पीच काउंटी, १९२४ साली झालेला. जवळच्या मार्शलव्हिलमध्ये बागायतदार सॅम्युएल रम्फ यांनी १८७०च्या दशकात ‘एल्बर्टा’ ही जात काढली आणि तिला बायकोचं नाव दिलं. ती प्रवास सोसणारी होती, म्हणून जॉर्जियाचा पीच रेल्वेने न्यूयॉर्कपर्यंत पोचला. म्युझेला गावातल्या डिकी फार्म्स या पीचबागेची पॅकिंगची शेड १८९७पासून चालू आहे, मुलांना दाखवण्यासारखी आहे. टपरीवर साउथ कॅरोलायनाचे पीच दिसले तर नाक मुरडू नका. ते राज्य जॉर्जियापेक्षा जास्त पीच पिकवतं आणि फळ तितकंच सरस असतं. एखाद्या वर्षी फळच नसतं, हेही ध्यानात ठेवा. पीचच्या झाडाला हिवाळ्यात ठरावीक तास थंडी लागते. २०२३मध्ये हिवाळा उबदार गेला, मग मार्चमध्ये मोहोरावर हिमकडाका पडला आणि जॉर्जियाचं नव्वद टक्क्यांहून जास्त पीक गेलं. कोकणात मोहोर करपला की काय होतं ते ज्यांनी पाहिलंय, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

घरी आणल्यावर पीच धुऊ नका, खायच्या वेळी धुवा. ओट्यावर मऊ पंचा पसरून एका थरात, देठाची बाजू खाली करून, एकमेकांना न टेकवता ठेवा. टणक असतील तर कागदी पिशवीत घालून तोंड दुमडा. फळातूनच निघणारा वायू आत राहतो आणि एक-दोन दिवसांत ते मऊ होतात. प्लॅस्टिकची पिशवी नको, आत पाणी सुटतं. रोज पालटून बघा, एक नासलेला दिसला की लगेच बाजूला काढा.

फ्रिजचं गणित नीट समजून घ्या. पीचचा गर बिघडतो तो साधारण २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये, आणि आपला फ्रिज नेमका चार अंशांवर असतो. न पिकलेला पीच तिथे ठेवला की तो पुढे पिकत नाही, भुसभुशीत होतो. पूर्ण पिकलेला मात्र तीन-चार दिवस चालतो. खाण्याआधी अर्धा तास बाहेर काढा, गार फळाला वास येत नाही. दुकानातला पीच वाटेतच या थंडीत सापडलेला असू शकतो. म्हणून तिथून आधी एकच घ्या, घरी पिकवून कापून बघा, चांगला निघाला तरच परत जाऊन जास्त आणा.

लव नको वाटली तर फळ उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट सोडा, मग बर्फाच्या पाण्यात, साल हाताने सुटते. फोडींना लिंबू चोळलं तर काळ्या पडत नाहीत, आणि तशाच त्या ताटात पसरून गोठवल्या तर दिवाळीपर्यंत पुरतात. ज्यांना वसंतात परागकणांचा त्रास होतो, त्यांच्या ओठांना-घशाला कच्च्या पीचने खाज सुटू शकते. शिजवलेला बहुधा चालतो, पण सूज आली किंवा श्वासाला जड वाटलं तर थेट डॉक्टर गाठा. बी फोडून आतला गर मुलांना देऊ नका, त्यातून विषारी सायनाइड तयार होतं.

चक्क्यात घालायचा तर पीचचा रस आधी आटवून घट्ट करा, नाहीतर श्रीखंड पातळ होतं. आणि एवढं करूनही हिरवट, आंबट निघालेले पीच टाकू नका. सालासकट फोडी करा, तेलात मोहरी-मेथीची फोडणी, हळद, तिखट, मीठ, फोडींच्या निम्मा गूळ, पाक चिकट होईपर्यंत मंद आच, की पीचचा मेथांबा तयार. गेल्या जूनमध्ये सासूबाई आल्या होत्या. त्यांनी पोळीबरोबर दोनदा वाढून घेतला आणि विचारलं, “कैऱ्या कुठे मिळाल्या गं तुला इथे?”