मुंबईला एकट्याने जाताय? हॉटेलचा खर्च असा वाचवा

एकट्याने मुंबईला जायचं म्हटलं की सगळ्यात जास्त पैसे हॉटेलात जातात, रूम दोघांची असली तरी भाडं एकट्यालाच भरावं लागतं. मी आता एका दिवसासाठी रूम घेतच नाही.

१. जाताना-येताना दोन्ही वेळा रात्रीची ट्रेन. कोल्हापूरवरून महालक्ष्मी, नागपूरवरून विदर्भ, सकाळी थेट सीएसएमटीला उतरायचं.

२. स्टेशनवरच्या वेटिंग रूममध्ये फ्रेश व्हायचं, सॅक क्लोक रूममध्ये टाकायची. ट्रेनचं तिकीट आणि आयडी जवळ ठेवा आणि बॅगेला कुलूप हवंच, नाहीतर घेत नाहीत, मी एकदा ऐनवेळी बाहेर कुलूप शोधत फिरलेय!

३. मग चालत फोर्ट, काळा घोडा, गेटवे. जहांगीर आर्ट गॅलरीला तिकीट नाही, आत एसी आहे, उन्हात हे फार कामाला येतं. दुपारी फोर्टातच थाळी, ऑफिसवाल्यांची गर्दी जिथे दिसेल तिथे घुसा. संध्याकाळ मरीन ड्राइव्हवर, फुकट.

४. दादर, वांद्रे वगैरे पण करायचं असेल तर लोकलचं एक दिवसाचं टुरिस्ट तिकीट काढा, सेंट्रल वेस्टर्न हार्बर तिन्हीवर चालतं, सारखं रांगेत उभं राहायला नको. फक्त सकाळी सीएसएमटीकडे येणाऱ्या आणि संध्याकाळी तिथून सुटणाऱ्या गर्दीत नवख्याने शिरू नका.

आणि हो, घारापुरी लेणी पण बघायची असतील तर सोमवार टाळा, त्या दिवशी बंद असतात.