मिउरा घेताय? रंगाला भुलण्याआधी या चुका टाळा

मार्च १९६६ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात आलेली लॅम्बोर्गिनी मिउरा १९७३ पर्यंत सान्तागाता बोलोन्येझे येथील कारखान्यात तयार होत होती. एकूण साडेसातशेच्या आसपासच गाड्या बनल्यामुळे आज एखादी रिस्टोअर केलेली मिउरा विक्रीला निघाली, की संग्राहक छायाचित्रे पाहूनच बोली लावायला उतावीळ होतात. बेर्तोने या डिझाइन कंपनीच्या मार्चेलो गांदिनी यांनी रेखलेली ही गाडी देखणी आहे, यात वाद नाही. पण रिस्टोरेशनमध्ये रंग हेच सर्वांत सोपे काम असते. कारागिराची खरी परीक्षा मागचे झाकण उघडल्यावर होते, आणि नेमके तेच उघडायचे राहून जाते.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे पेट्रोलच्या वासाकडे 'जुनी गाडी आहे, वास यायचाच' म्हणून दुर्लक्ष करणे. आसनांच्या मागे आडव्या बसवलेल्या ३,९२९ सीसीच्या व्ही-१२ इंजिनाच्या माथ्यावर वेबरचे चार तिहेरी कार्बोरेटर उभे असतात. त्यांचा मूळ पिंड शर्यतीचा असल्यामुळे सिग्नलला गाडी उभी असताना चालकाने हौसेने ॲक्सिलरेटरला झटके दिले, तर पेट्रोल वर साचते आणि इंजिनाने एकदा उलटा फटका मारला की ते पेट घेते. मिउरा जळण्याच्या घटना याच कारणाने कुप्रसिद्ध झाल्या. म्हणून गाडी पाहायला गेलात, तर इंजिन दहा मिनिटे मंद गतीवर चालू ठेवून बंद करायला सांगा, टॉर्च घ्या आणि कार्बोरेटरच्या बुडाशी व नळ्यांच्या क्लिपांपाशी पांढरा कोरडा कागद टेकवून पाहा. कागद ओला झाला, तर दोष बहुधा फ्लोटच्या (कार्बोरेटरमधील पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या भागाच्या) पातळीत, पेट्रोल अडवणाऱ्या झिजलेल्या नीडलमध्ये, पंपाच्या दाबात किंवा कडक झालेल्या रबरी नळीत असतो. इथेनॉलमिश्रित पेट्रोलने जुने रबर किती लवकर खराब होते, हे जुनी स्कूटर सांभाळणाऱ्या आपल्याकडच्या कोणालाही वेगळे सांगायला नको. चालताना धूर दिसलाच, तर इग्निशन बंद करून गाडीबाहेर पडा. मागचे झाकण घाईने उघडू नका, कारण आत हवा शिरताच आग भडकते.

दुसरी चूक तेलाची. इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच ओतीव घडणीत असून बहुतेक मिउरांमध्ये दोघांना तेलही एकच आहे. ते वेगळे झाले ते एसव्ही या मिउराच्या अखेरच्या आवृत्तीतील शेवटच्या काही गाड्यांमध्ये. गिअर बदलताना सुटलेला धातूचा कीस गाळणीतून निसटला, तर तो इंजिनाच्या बेअरिंगपर्यंत पोहोचू शकतो. 'तेल कालच बदलले' हे वाक्य विक्रेत्याने अभिमानाने सांगितले, तर मी तरी सावध होईन, कारण जुन्या तेलात असलेला पुरावा त्या तेलाबरोबरच गेलेला असतो. काढलेल्या तेलात चुंबक फिरवून पाहण्याची संधी मिळाली, तर ती सोडू नये.

पी ४०० किंवा एस या आधीच्या आवृत्तीच्या गाडीला मागची चाके आणि मडगार्ड रुंद करून, हेडलाइटभोवतीच्या 'पापण्या' काढून एसव्हीचे रूप दिलेले असू शकते. एसव्ही जेमतेम दीडशे बनल्या असल्याने या वेषांतराचा मोह समजण्यासारखा आहे, पण किंमत एसव्हीची देऊ नये. चासी आणि इंजिनाचे क्रमांक लॅम्बोर्गिनीच्या जुन्या गाड्यांचे काम पाहणाऱ्या पोलो स्तोरिको विभागाकडून तपासून घेतल्याशिवाय आगाऊ रक्कम द्यायची नाही, एवढे पुरे.

चाचणीफेरीला निघताना टाकीत पेट्रोल किती आहे, हेही विचारावे. टाकी पुढच्या भागात असल्यामुळे ती रिकामी होत आली की नाक हलके होते आणि वेगात स्टिअरिंग सैल वाटू लागते. तो सस्पेन्शनचा दोष समजून नवे भाग मागवण्याआधी टाकी भरून तोच रस्ता पुन्हा चालवून पाहावा.