गाळण्याची तटबंदी नीट पाहायची असेल तर

गाळणा किल्ल्याची चढाई पाऊण तासाची. तरी वर-खाली धरून चार तास हाताशी ठेवा, कारण इथे माथ्यापेक्षा वाटेवरचे तट-बुरुज जास्त वेळ खातात.

नाशिकहून पहाटे सहाच्या आत निघा. आग्रा रोडने पिंपळगाव, चांदवड, राहुड घाट उतरून मालेगाव, साधारण 105 किलोमीटर. तिथून डोंगराळेमार्गे गाळणे गाव आणखी तीसेक किलोमीटर. ठक्कर बाजारहून मालेगावपर्यंत एसटी भरपूर आहेत, पुढच्या टप्प्याला मात्र स्वतःची गाडी बरी. माणशी तीन लिटर पाणी खालूनच घ्या. टाक्यातलं पाणी पिऊ नका.

गावातून पायऱ्या चढल्या की ओळीने चार दरवाजे लागतात: परकोट, लोखंडी, कोतवाल पीर आणि लाखा. प्रत्येक दरवाज्यापाशी आधी बाहेरच थांबा आणि वर पाहा. आपण कोणत्या बुरुजाच्या माऱ्यात उभे आहोत, हे कळल्याशिवाय दरवाजा तिथेच का बांधला ते उमगत नाही. मग आत शिरून भिंतीत अडसराची खोबण शोधा, पहारेकऱ्यांच्या देवड्या बघा.

जंग्या, म्हणजे तटातली मारा करायची भोकं, आतूनच पाहाव्यात. आत रुंद, बाहेर चिंचोळ्या. काहींतून दूरचं शिवार दिसतं, काही इतक्या उतरत्या की थेट तटाचा पायथा दिसतो. भिंतीला येऊन भिडलेला शत्रू सरळ जंगीतून टिपता येत नाही, म्हणून ही उतरती सोय. एकाच बुरुजावर दोन्ही प्रकार शोधून बघा, मजा येते.

बुरुजांवर फारसी शिलालेख आहेत. ऊन तिरपं पडतं तेव्हा अक्षरं उठून दिसतात. भरदुपारी नुसता सपाट दगड दिसतो. अक्षरं स्पष्ट करायला खडू, हळद, तेल काहीही लावू नका. ते दगडाच्या रंध्रांत मुरतं आणि निघत नाही.

फांजीवरून, म्हणजे तटावरच्या चालायच्या पट्ट्यावरून जाताना आतल्या बाजूने चाला, काठीने पुढची जागा चाचपा. पावसाळ्यानंतर गवत कमरेएवढं वाढतं आणि ढासळलेल्या जागा झाकून टाकतं. पिंपळ-उंबराची मुळं जिथे सांध्यात शिरलीत तिथला चुना सुटलेला असतो. वरचा दगड घट्ट वाटला तरी त्याला धरून चढू नका. चर्यांवर, म्हणजे तटाच्या माथ्यावरच्या दगडी पाकळ्यांवर, बसून फोटो तर नाहीच. आग्यामोहळ दिसलं तर आवाज न करता मागे फिरा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात गवत उंच, एप्रिल-मेमध्ये ऊन सोसवत नाही. डिसेंबर ते फेब्रुवारी उत्तम.

परतीला मालेगावचा भुईकोट जोडून घ्या. आपल्या नाशकातल्या घंटेच्या देवळाचे पेशव्यांचे सरदार नारोशंकर राजेबहाद्दर, त्यांनीच तो 1740 च्या सुमारास बांधला. 1818 साली इंग्रजांना तो घ्यायला महिनाभर वेढा घालावा लागला. डोंगराचा आधार नसताना तट आणि खंदक किती काळ टिकाव धरतात, ते गाळण्यानंतर लगेच ताडून पाहता येतं. आत शाळा भरते, म्हणून परवानगी विचारूनच जा.