सोसायटी नसलेलं घर घेताय? कोकणात या चुका टाळा

"साहेब, सोसायटी नाही, मेंटेनन्स नाही, कसली कटकट नाही." चिपळुणात घरं बघत हिंडताना हे मी इतक्या एजंटांकडून ऐकलं की मलाही तो फायदाच वाटू लागला. नऊ प्लॉटांच्या छोट्या वसाहतीत घर घेतलं, तेही मे महिन्यात, सगळं कोरडं ठणठणीत असताना. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात गटार तुंबलं आणि आतल्या रस्त्यावर पोटरीभर पाणी साचलं. नगरपरिषदेत गेलो तेव्हा कळलं, तो रस्ता त्यांच्या ताब्यातच नाही. सोसायटी नसली तरी सोसायटीची कामं असतातच. ती कोणाच्या नावावर आहेत, हे मी विचारलंच नव्हतं.

आतल्या रस्त्याचा उतारा न बघणं

ही सगळ्यात महाग पडणारी चूक. आपण आपल्या प्लॉटचा सातबारा किंवा मिळकत पत्रिका डोळ्यांत तेल घालून तपासतो. रस्त्याचा आणि खुल्या जागेचा उतारा मात्र कोणी मागत नाही, आणि बरेचदा तिथे अजून मूळ जमीनमालकाचंच नाव असतं. तो गेला की वारस लागतात. कोकणातले वारस म्हणजे एक भाऊ गावात, दोन मुंबईला, बहीण सासरी. त्यातला एक जण उद्या रस्त्यात गडगा, म्हणजे दगडी कुंपण, घालायला निघाला, किंवा नळाची पाइप टाकायला पैसे मागू लागला, तर तुमच्या हातात काय आहे?

"जाण्यायेण्याचा हक्क राहील" एवढ्या एका ओळीवर समाधान मानू नका. खरेदीखतात रस्त्याचा सर्व्हे नंबर, हिस्सा आणि रुंदी लिहून घ्या. पायी, गाडीने, नळाच्या पाइपसाठी, विजेच्या केबलसाठी असे हक्क वेगवेगळे मांडा आणि मंजूर रेखांकनाचा (लेआउटचा) नकाशा सोबत जोडा. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याने वीस वर्षांच्या अखंड वहिवाटीवर हक्क सांगता येतो खरा, पण ती वहिवाट कोर्टात सिद्ध करत बसावी लागते.

घर घेऊन झालंय? तरी मार्ग आहे. आमच्याकडे मालकाचे सगळे वारस एकत्र सापडले ते गणपतीत. पाच दिवसांच्या गणपतींचं विसर्जन झालं आणि मंडळी परतायच्या आत दुय्यम निबंधकांकडे हक्काचा दस्त नोंदवून घेतला. कोकणात सह्या गोळा करायच्या तर गणपती नाहीतर शिमगा, हे मी अनुभवाने सांगतो.

पाणी डिसेंबरात बघणं

विहीर डिसेंबरात तुडुंब असते. एप्रिलच्या शेवटी तिचा तळ दिसतो का, आणि खाडीजवळ असेल तर पाणी मचूळ होतं का, हे शेजारच्या काकूंना विचारा. त्या खरं सांगतात. सामाईक विहीर कोणाच्या प्लॉटात आहे, पंपाचं मीटर कोणाच्या नावावर आहे, हेही बघा. आमचं मीटर बांधणाऱ्याच्या नावावर होतं. थकबाकीपोटी वीज तोडली तेव्हा नऊ घरांनी चार दिवस टँकरवर काढले. ग्राहक क्रमांक मागून घ्या, महावितरणच्या साइटवर बिल दिसतं.

सेप्टिक टँकचंही तसंच. तो कोणाच्या हद्दीत आहे, विहिरीपासून किती लांब आहे, उपसायची गाडी तिथवर पोचते का?

पुराच्या खुणा न शोधणं

२६ जुलै २००५ आणि २२ जुलै २०२१, या दोन तारखा चिपळुणात कोणालाही विचारा, हात वर करून पाणी कुठवर आलं ते दाखवतील. वाशिष्ठी नदीच्या काठाला निळी आणि लाल पूररेषा आहे. साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची रेषा निळी, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. निळीच्या आत नवीन बांधकामाला बंदी आणि दोन्हींच्या मध्ये अटी. म्हणजे जुनं घर घेऊन पुढे वर मजला चढवू म्हणाल तर आधी नकाशा बघा. घराचा विमाही स्वतःच काढायचा आहे, इथे तो काढणारी कमिटी नाही.

घरपट्टीची पावती म्हणजे मालकी समजणं

ग्रामपंचायतीचा असेसमेंट उतारा कराचा असतो, मालकी हक्काचा नव्हे. मालकी सातबारा, मिळकत पत्रिका, फेरफार आणि नोंदवलेले दस्त यांवर बघायची. "इतर हक्क" या रकान्यात कुळाचं, म्हणजे जमीन कसणाऱ्याचं, नाव आहे का, हे तर आवर्जून. हद्दीसाठी मोजणीची "क" प्रत, म्हणजे सरकारी मोजणीचा नकाशा, मागा, गडगा दाखवतील तो हद्द असेलच असं नाही.

छोट्या इमारतीतला फ्लॅट

जमीन पाचशे चौरस मीटरपर्यंत असेल किंवा फ्लॅट आठपर्यंत असतील, तर रेरा (बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणारा कायदा) नोंदणीची सक्ती नाही. आपल्या छोट्या शहरांतल्या कितीतरी इमारती अशाच. मग विचारा : भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा दाखला) आहे का, १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली घोषणापत्र, म्हणजे फ्लॅट कोणते आणि सामाईक काय हे सांगणारा दस्त, नोंदवलंय का? दोन्ही नसेल तर गच्ची कोणाची, हा प्रश्न पहिल्याच पावसाळ्यात वरच्या मजल्याच्या छतातून ठिबकत येतो. गृहनिर्माण सोसायटीसाठी किमान सभासदांची अट २०१९ च्या दुरुस्तीने दहावरून पाचवर आली आहे. सहा फ्लॅटवाले एकत्र आले तर सोसायटी करता येते, आणि ती करावीच असं माझं आता स्पष्ट मत आहे.

आमच्या नऊ घरांची सोसायटी अजून नाही. दरमहा घरटी पाचशे रुपये, दोघांच्या सहीचं बँक खातं आणि वहीत हिशेब, एवढं सुरू केलंय. पहिला खर्च गटार उपसायचा, मेच्या शेवटच्या आठवड्यात.